दाढेची लाँग सर्विस

केरू वाघमोड्याची दाढ दुखायला लागली ती नेमकी नोव्हेंबरात, काकडीचा हंगाम भरात येण्याच्या तोंडावर. दोन दिवस त्याने लवंग दाबून काढले. तिसऱ्या दिवशी गाल असा सुजला, की अमिरातीतल्या शेतावर, चार नंबरच्या पॉलीहाउसमध्ये वेल दोरीवर चढवताना त्याला उजवीकडच्या काकड्या दिसेनात. काकड्या तिथेच होत्या, पण मध्ये गाल येत होता.

"केरूभाऊ, शहरात, फुजैऱ्याला जाऊन दाढ काढून ये," गुहागरचा ट्रॅक्टरवाला रोशन आंब्रे म्हणाला. "आपली भाजीची गाडी जातेच रोज. अर्ध्या दिवसाचं काम."

"रजा लागंल."

"मग टाक की."

'टाक' म्हणणं सोपं होतं. पूर्वी सुपरवायझरला तोंडी सांगितलं की भागायचं. आता दुबईत, अल बर्शाच्या ऑफिसात बसणाऱ्या राजन टिपणीससाहेबांनी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. रजा हवी तर ॲपवर. बूट फाटले तर ॲपवर. पाण्याचा कूलर बिघडला तरी ॲपवर, आणि मग ॲप विचारायचं की कूलरबद्दल तुम्ही समाधानी आहात का.

हे ॲप इंग्रजीत आणि अरबीत होतं. केरूला इंग्रजीतले आकडे आणि औषधांच्या डब्यांवरची नावं तेवढी वाचता यायची. रोशनला अक्षरं लागायची. अर्थ मात्र तो स्वतःचा लावायचा. दोघं मेसच्या पायरीवर डोक्याला डोकं लावून बसले.

"ॲन्युअल... इमर्जन्सी... सिक... लाँग सर्विस," रोशनने वाचलं.

"सिक म्हंजी आजारी. त्ये दाब."

"अजिबात नको! सिक दाबलं की आधी मेडिकलला नेतात. रक्त काढतात, छातीचा फोटो काढतात. तुझी दाढ राहील बाजूला आणि शुगर निघेल."

"मंग रं?"

"हे बघ. सर्विस. तुला दाढेचं काय करायचंय? सर्विसिंगच ना?"

"आन् लाँग कशापायी?"

रोशन सोळा वर्षं ट्रॅक्टर चालवत होता. या विषयात त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. "नुसतं ऑइल बदलायचं असेल तर छोटी सर्विस. इंजिन खोलायचं असेल तर लाँग. तुझी दाढ मुळापासून उपटायची आहे. म्हणजे लाँगच."

केरूला ते पटलं. सुजलेल्या गालाने माणसाला फार विचार करवत नाही. त्याने अंगठा दाबला. ॲपने तारीख विचारली नाही, किती दिवस तेही विचारलं नाही, सगळे रकाने आपले आपणच भरले आणि एक पिवळा गोल फिरवत ठेवला. "बघ, किती हुशार आहे," रोशन म्हणाला.

पिवळा गोल दोन दिवस फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन टिंग वाजला आणि गोलाच्या जागी हिरवी खूण आली. हिरवं म्हणजे मंजूर, एवढं केरूला कळत होतं. खालचा मजकूर वाचायच्या भानगडीत न पडता तो भाजीच्या गाडीत बसला, फुजैऱ्याला गेला, दाढ काढून घेतली आणि तोंडात कापसाचा भला मोठा बोळा घेऊन दुपारी परत आला.

रोशनने सहज त्याचा फोन हातात घेतला आणि वाचता वाचता उभा राहिला.

"केरूभाऊ, यात 'काँग्रॅच्युलेशन्स' लिहिलंय."

"अं?"

"दाढ काढल्याबद्दल नाही. तुझी नव्वद दिवसांची रजा मंजूर झालीय. एक डिसेंबरपासून. नाइन झीरो! आणि खाली विमानाचं तिकीट आहे, दुबई ते पुणे."

केरूने बोटाने हवेत नऊ काढला, पुढे शून्य काढलं आणि प्रश्नार्थक भुवया उडवल्या. रोशनने मान हलवली. केरूला वाटलं, भुलीचं इंजेक्शन डोक्यात गेलं.

पण ते खरं होतं. कंपनीचे जुने नियम राजनसाहेबांनी एका माणसाला बसवून जसेच्या तसे ॲपमध्ये भरून घेतले होते, स्वतः न वाचता. त्यात एक नियम असा होता, की शेतावर सलग पंधरा वर्षं काम केलेल्याला तीन महिन्यांची दीर्घ सेवा रजा. केरूला सतरा झाली होती. अर्ज दोन दिवस कुणी पाहिला नाही तर तो आपोआप मंजूर व्हावा, ही सोयही साहेबांनी खास मागून घेतली होती. ते दोन दिवस साहेब दुबईतल्या एका हॉटेलात, याच ॲपवर भाषण देत होते.

केरू खाटेवर बसला. नव्वद दिवसांपेक्षा त्याच्या मनात एकच शब्द घुमत होता. डिसेंबर. सतरा वर्षांत तो आठ वेळा गावी, करमाळ्याकडे गेला होता, आणि आठही वेळा जुलै-ऑगस्टात. इथल्या उन्हाळ्यात काकडी नसते, म्हणून माणसाला सोडतात. तेव्हा गावाकडे रानात वीतभर हिरवं असतं आणि पोत्याखाली डोकं घालून चिखल तुडवावा लागतो. ज्वारी दाण्यांनी भरलेली, थंडीत दात वाजताहेत, आगटीत कणसं भाजताहेत, आणि कुणीतरी हातावर चोळून गरम हुरडा पुढे करतंय, हे त्याने सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं. बायको, तानुबाई, दर जानेवारीत फोनवर म्हणायची, "आज हुरडा केल्ता." आणि लगेच दोघंही विषय बदलायची.

तेवढ्यात फोन वाजला. राजनसाहेब.

"केरूभाऊ, नमस्कार! अहो, सिस्टीममध्ये तुमची लाँग सर्विस लीव्ह अप्रूव्ह झालेली दिसतेय. चुकून टाकलीत ना?"

"ह्मं-ह्मं," केरू म्हणाला. म्हणजे 'नाही'. तोंडात बोळा होता.

"तेच म्हटलं मी! पीक सीझनला तुम्ही असं करणार नाही. मग कॅन्सल करतो हं?"

"ह्मं-ह्मं! ह्मंऽ!"

"थँक्यू, थँक्यू. तुमच्या फोनवर आता एक ओटीपी येईल, तो फक्त सांगा."

ओटीपी आला. केरूने तो पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कापसाच्या बोळ्याचा त्याला आधार वाटला. तो साहेबांशी दहा मिनिटं बोलला आणि साहेबांना एक आकडा कळला नाही. शेवटी साहेब म्हणाले, "रेंजचा प्रॉब्लेम दिसतोय. मी उद्या येतोच."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या शेतावर झाली. मेसमध्ये लोक बोटांवर वर्षं मोजू लागले. केरूला सोडून पंधराच्या वर असलेले सात जण निघाले, रोशन धरून. आणि योगायोग असा, की जेवणं होईपर्यंत सातही जणांच्या दाढा दुखायला लागल्या. सात अंगठे दाबले गेले, सात पिवळे गोल फिरू लागले.

दुसऱ्या दिवशी राजनसाहेब गाडीतून उतरले ते लॅपटॉप उघडाच हातात घेऊन. शर्ट इस्त्रीचा, चेहरा बिनइस्त्रीचा.

"आठ माणसं! आठ माणसं एकदम नव्वद दिवस! डिसेंबरात काकडी कोण तोडणार? मी?" त्यांनी सगळ्यांना मेसमध्ये गोळा केलं. "हे बघा, रागावलेलो नाही मी. इट्स ओके. सिस्टीमची चूक आहे. सातांचे अर्ज मी रिजेक्ट करतो. केरूभाऊंचा अप्रूव्ह झालाय, तो मला एकट्याला काढता येत नाही, ओटीपी लागतो. आत्ताच नवा पाठवलाय. केरूभाऊ, सांगा पटकन. यल्ला."

केरूच्या तोंडातला बोळा आता निघाला होता. त्याने फोन खिशात खोल सरकवला. "न्हाई सांगता येनार, साहेब."

"का?"

केरूने साहेबांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे दोन हात लांबीचं पोस्टर होतं. गेल्या महिन्यात मोबाईलवरच्या फसवणुकीबद्दल साहेबांनीच सगळ्यांचा वर्ग घेतला होता, त्याचं. पोस्टरवर साहेबांचाच फोटो, तळहात पुढे करून उभे. खाली हिंदीत मोठ्या अक्षरांत: 'ओटीपी किसी को मत दो. मैं माँगूँ तो भी नहीं!'

"अहो, ते चोरांसाठी आहे!" साहेब म्हणाले.

"चोर बी आसंच म्हनतो, आसं तुमीच सांगिटलंवतं," केरू नम्रपणे म्हणाला. "आमच्याकडनं तीनदा म्हनून घेटलंवतं."

"तीनदा," रोशनने दुजोरा दिला. आणि मागच्या बाकावरून पाच-सहा जणांनी एकसुरात म्हणून दाखवलं, "मैं माँगूँ तो भी नहीं!"

साहेबांनी घाम पुसला. "ठीक आहे. मग मला हे एस्केलेट करावं लागेल. अरबाबना बोलावतो."

मेस एकदम गार झाली. अरबाब म्हणजे मालक, हम्माद. पंचेचाळिशीचा, वडील गेल्यावर सगळं एकटा बघणारा माणूस. तो वाईट नव्हता, पण त्याला बोलावणं यायचं ते काहीतरी बिघडल्यावरच. इथली नोकरी म्हणजे घर, विहिरीवरची मोटर, पोरीचं, संजनाचं नर्सिंग. सतरा वर्षं सांभाळलेलं एका दाढेपायी जायचं, असं त्याला वाटलं. खिशातला फोन त्याला जड वाटू लागला. देऊन टाकावा का ओटीपी? चार आकडे तर होते.

पण मग डोळ्यांपुढे आगटी आली, आणि त्याने हात रिकामाच खिशातून बाहेर काढला.

हम्माद आला. एक रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसला. राजनसाहेबांनी अर्धा तास इंग्रजी-हिंदीत सगळं समजावलं: सिस्टीम, पीक सीझन, मिसयूज. हम्मादने शेवटी एवढंच विचारलं, "रूल है या नहीं है?"

"है सर, लेकिन बहुत पुराना है. आज तक किसी ने यूज नहीं किया."

"क्यों नहीं किया?"

"किसी ने माँगा नहीं, सर."

"इनको मालूम था?"

साहेब आपल्या बुटांकडे बघू लागले. हम्मादने हात पुढे करून लॅपटॉप घेतला आणि अरबीतला मूळ नियम शोधून काढला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. एके ठिकाणी ते थांबले. मग त्याने मोठ्याने, हिंदीत करून सांगितलं:

"'जो आदमी मेरी ज़मीन पर पंद्रह साल लगातार काम करे, उसको तीन महीना घर भेजो. जब वो बोले तब. उसकी जगह काम कौन करेगा, ये दफ़्तर सोचे.'" त्याने स्क्रीन मिटली. "ये मेरे बाप की ज़बान है. वो ऐसे ही बोलता था."

बाहेर पाण्याचा पंप तेवढा चालू होता.

पण हम्माद शेवटी शेतमालक होता. तो पुढे वाकून म्हणाला, "केरू, सुन. सीझन है. चार नंबर हाउस तेरे बिना मैंने कभी देखा नहीं. गर्मी में जा. मैं तीन नहीं, चार महीना देता हूँ."

चार महिने! रोशनने केरूच्या कंबरेत कोपर खुपसलं, 'घे' म्हणून. राजनसाहेबांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा इस्त्री फिरली.

"नहीं, अरबाब," केरू म्हणाला.

"चार महीना, केरू!"

"चार क्या, छे बी दिया तो गर्मी में नको," केरूचं हिंदी भावनेच्या भरात करमाळ्याकडे सरकलं. "अरबाब, आपका रुतब कब होता?"

हम्माद गोंधळला. रुतब म्हणजे झाडावरच पिकलेला, मऊ, रसाळ ताजा खजूर. त्याचं नाव काढलं की इथल्या माणसाचा चेहराच बदलतो. "जून में. जुलाई में."

"आन् आपको कोई बोला, हर साल जून में बाहर जाओ. दिसंबर में घर आओ, हम सूखा खजूर डिब्बे में रखता. सतरा साल. चलेगा?"

हम्मादने नकळत मान हलवली, नाही म्हणून.

"हमारा गाँव में ज्वारी होता. जनवरी में उसका दाना कच्चा, दूध भरा. उसको आग में भूनता, हाथ पे रगडता, गरम गरम खाता. हुरडा बोलता. पंधरा-बीस दिन, बस. फिर दाना कडक, खलास. डिब्बे में नहीं आता, पार्सल नहीं होता. वहाँ बैठ के ही खाना पडता." केरूला वाटलं आपण फार बोललो, तरी त्याने शेवटचं सांगून टाकलं. "मैं सतरा साल नहीं खाया, अरबाब. आपके चार महीने में हुरडा नहीं है."

हम्मादने मांडीवर अशी थाप मारली, की राजनसाहेब दचकले.

"सतरा साल रुतब नहीं!" तो म्हणाला. "आदमी मर जाएगा! खलास. जा, केरू. एक दिसंबर. जा!"

मेसमध्ये असा गलका झाला, की बाहेरची कबुतरं उडाली. रोशनने केरूला उचलायचा प्रयत्न केला. तो जमला नाही म्हणून नुसतीच मिठी मारली. उरलेल्या सात दाढा जागच्या जागी बऱ्या झाल्या, कारण केरूने काकडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिथल्या तिथे यादी मांडून दिली: यंदा तो एकटा, पुढच्या हिवाळ्यापासून दोघं-दोघं, कुणाचं हाउस कुणी बघायचं त्यासकट. हम्मादने पुठ्ठ्यावर सही केली. ॲपमध्ये टाकू का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तो नको म्हणाला.

साहेब थोडे रेंगाळले. मग हळूच म्हणाले, "सर, ॲक्चुअली... मुझे भी पंद्रह साल हो गए."

"ज़मीन पर?"

"ऑफिस में, सर."

"हबीबी, रूल ज़मीनवाले का है," हम्माद उठता उठता म्हणाला. "दफ़्तर का काम क्या लिखा है? सोचना, कि काम कौन करेगा. मैंने सोच लिया. हफ्ते में तीन दिन तुम आओ. चार नंबर हाउस."

जायच्या आधी केरूने साहेबांना आठवडाभर शिकवलं. वेलाची बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, तेवढी काढायची, शेंडा ठेवायचा. साहेबांनी पहिल्या दिवशी ओळीने चाळीस शेंडे खुडले आणि बगलफुटी जपून ठेवल्या. चौथ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने पहिली काकडी तोडली, शर्टाला पुसली आणि एकट्यानेच अख्खी खाल्ली. "केरूभाऊ, ही विकतच्यापेक्षा वेगळी लागते हो," ते म्हणाले. केरू म्हणाला, "हीच तर विकतो आपन, साहेब."

एक डिसेंबरला केरू पुण्याला उतरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या अंगणात उभा राहिला. तानुबाई शेण काढत होती. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काडून टाकलं व्हय?"

"रजा हाये. नव्वद दिवस."

"नव्वद दिवस कुनी रजा देतं व्हय? खरं सांगा. भांडान केलं?"

तिचा विश्वास बसायला आठ दिवस गेले. गावाचा बसायला पंधरा. मग संक्रांतीच्या आधी ज्वारी भरली. केरूने स्वतःच्या रानात आगटी पेटवली, कणसं खुपसली. तानुबाईने हातावर चोळून, फुंकर मारून गरम दाणे त्याच्या पुढे धरले. जवसाची चटणी होती, दही होतं. त्याने पहिला घास तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. तानुबाईने विचारलं, "कसा झालाय?" त्याला बोलता येईना. या वेळी तोंडात बोळा नव्हता.

त्यानंतर तो जो भेटेल त्याला ही हकिगत सांगू लागला. ओट्यावर, गिरणीत, पारावर. अरबाबच्या वडिलांचा नियम तर त्याला तोंडपाठ होता. एके दुपारी शेजारच्या दोघांना तो रंगात येऊन सांगत होता, आणि तानुबाई मागे खुरपी घासत बसली होती.

ती माणसं गेल्यावर ती म्हणाली, "तो नेम परत येकदा म्हना बरं."

केरूने खुशीत म्हटलं, "जो मानूस रानात पंधरा वर्सं खाडा न करता काम करंल, त्याला तीन म्हैने रजा. तो म्हनंल तवा. त्याच्या जागी काम कोन करंल, त्ये हापिसानं बघायचं."

"मला या रानात येकवीस झाली," तानुबाई खुरपीची धार अंगठ्यावर बघत म्हणाली. "खाडा येक न्हाई. संजना झाली तवाचा सवा म्हैना, तेवढा सोडून."

"मंग?"

"मंग काय. बचतगटाच्या बाया गुहागरला चालल्यात, दर्या बघायला. तुमी अठरा येळा त्याच्यावरनं गेलासा, मी येकदा बी बघितला न्हाई. तीन म्हैने नको मला. पंधरा दिवस बास."

केरूने चौफेर पाहिलं. कापणीला आलेली ज्वारी होती, दोन म्हशी होत्या, एक रेडकू होतं. "आन् हितलं कोन बघनार?"

"त्ये हापिसानं बघायचं," तानुबाई म्हणाली. "हापीस तुमीच."

केरू मोठ्याने हसायला लागला. हसता हसता त्याने रोशनला फोन लावला, गुहागरात त्याच्या घरी पाच बायकांची जेवणाची सोय सांगितली, आणि गाडीला घ्यायला कोण येईल तेही ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी तो तिला एसटीवर सोडायला गेला. एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात रेडकाचं दावं, कारण ते त्याच्याशिवाय गोठ्यात थांबायला तयार नव्हतं. तानुबाई नवं लुगडं नेसून खिडकीशी बसली. गाडी हलली तशी तिने डोकं बाहेर काढलं.

"थोरली म्हस तुमाला पान्हा घालनार न्हाई," ती ओरडली. "तरी फोन करू नका. मी रजेवर हाये!"